‘स्वतंत्र’ पैलवान आणि खर्डीकरांचे गहाण पडलेले घर



गेल्या १५ जानेवारीला संध्याकाळी बूढापाऱ्यातल्या एका सभेला जाण्याचा योग आला. निमित्त ऑलिंपिकवीर खाशाबा जाधव यांच्या जयंतीचे. महाराष्ट्र सरकारने हा दिवस राज्य क्रीडा दिन म्हणून ठरवला आहे. आम्ही रायपूरचे मराठी लोक महाराष्ट्राबाहेरचे असलो तरी खाशाबा आमचेही आहेत, म्हणून पन्नास-साठ माणसे जमली होती. प्रमुख पाहुणे एका मोठ्या वातानुकूलित व्यायामशाळेचे मालक. गृहस्थ बोलायला गोड. खाशाबांनी कधी कुणापुढे हात पसरला नाही, ते आपल्या हिमतीवर मोठे झाले, असे त्यांनी सांगितले. तेवढ्यावर थांबले असते तर मी हा लेख लिहिला नसता. पण पुढे ते म्हणाले, आजच्या तरुणांनी नोकरी-नोकरी हा जप सोडावा, युनियनवाल्यांच्या नादी लागून पक्क्या नोकरीच्या मागे आयुष्य फुकट घालवू नये. अमेरिकेतले रिंगमधले पैलवान पाहा, दोरावरून उड्या मारतात, जग जिंकतात आणि ते कुणाचेही नोकर नाहीत. स्वतंत्र आहेत!

टाळ्या पडल्या. माझ्या शेजारी एक वीस-बावीस वर्षांचा पोरगा बसला होता. त्याचा डावा हात प्लास्टरमध्ये होता. टाळी वाजवता येईना म्हणून त्याने उजव्या हाताने मांडीवर शड्डू ठोकावा तशी थाप मारली.

हा पोरगा मला माहीत आहे. त्याचे वडील गाड्यांचे डबे धुण्याच्या कंत्राटात आहेत. कंत्राटदार तीनदा बदलला, वडील तेच, झाडू तोच, पगार दर वेळी पहिल्यापासून सुरू. पोरगा लहानपणी आखाड्याच्या मातीत तयार झाला. नागपंचमीच्या दंगलीत नारळ-फेटा घेऊन आलेला मी पाहिला आहे. पुढे दूरदर्शनच्या पडद्यावर आणि मग मोबाइलवर परदेशी कुस्त्या पाहून त्याने मातीचा नाद सोडला आणि उड्यांचा धरला. वरच्या दोरावर चढायचे, हवेत कोलांटी घ्यायची आणि खाली पडलेल्या गड्याच्या छातीवर येऊन आदळायचे. पब्लिक उभे राहते. एका खेळ करणाऱ्या मंडळीबरोबर तो गावोगाव फिरतो. रात्रीचे पैसे ठरलेले, गाडीभाडे स्वतःचे, तालीम स्वतःची, गुडघ्याचा पट्टा स्वतःचा. दिवाळीनंतर बाहेरगावच्या एका खेळात तो पलीकडे पडला आणि मनगट मोडले. चालकाने परतीचे भाडे हातावर ठेवले आणि सांगितले, बरा झालास की फोन कर. त्या मंडळीचे नाव मी इथे लिहीत नाही. पोराला त्यांनी नावाचा एक कागदसुद्धा दिलेला नाही, तर मी तरी कुठून लिहू?

सभा सुटल्यावर मी विचारले, बाबा, दवाखान्याचा खर्च कोणी केला? तर म्हणतो, ‘‘बाबांनी उसने आणले. पण काका, आपण कोणाचे नोकर नाही. आपण इंडिपेंडंट आहोत.’’

या एका शब्दाचा समाचार घेणे मला भाग आहे. आणि त्यासाठी पाहुण्यांनी ज्यांचे नाव वापरले त्या खाशाबांच्याच सुरुवातीच्या दिवसांकडे जावे लागेल, कारण ते दिवस पाहुण्यांना ठाऊक नसावेत, किंवा ठाऊक असून सोयीचे नसावेत.

खाशाबा दादासाहेब जाधव यांचा जन्म १५ जानेवारी १९२६ चा, कराडजवळच्या गोळेश्वर गावचा. वडील दादासाहेब स्वतः पैलवान, खाशाबा पाच भावांत धाकटे. घर शेतकऱ्याचे. शिक्षण कराडच्या टिळक हायस्कुलात आणि नंतर कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजात. बाबूराव बलावडे आणि बेलापुरे गुरुजी यांनी त्यांना घडवले. अंगाने थोराड नव्हते. वजन बावन्न किलोच्या गटातले. धिप्पाड गड्याच्या जमान्यात असा पैलवान चपळाईवर चालतो. समोरच्याला कळायच्या आत ढाक मारून मोकळा. आज ज्याला हवेत उडणारा पैलवान म्हणतात त्याची जात हीच: वजन कमी, वेग जास्त, आणि पडला तर हाडे तितकीच नाजूक.

१९४८ साली लंडन ऑलिंपिकला ते गेले ते कोल्हापूरच्या महाराजांनी खर्च उचलला म्हणून. कोल्हापूर तेव्हा अजून संस्थान होते. ज्या गादीवरून शाहू महाराजांनी पैलवानांना खुराक लावून दिला, तालमी बांधल्या, खासबागेचे मैदान उभे केले, तीच ही गादी. माती सोडून गादीवरची कुस्ती खाशाबांनी लंडनलाच प्रथम खेळली, आणि नवख्या माणसाने जगात सहावा क्रमांक काढला. तिथे त्यांना रीस गार्डनर नावाच्या अमेरिकन मल्लाने शिकवले. म्हणजे राजाचा पैसा, वस्तादांची मेहनत, परक्या मुलखातल्या शिक्षकाची विद्या. यात हिंमत खाशाबांची होतीच, ती कोण नाकारतो? पण एकट्याने काय झाले ते मला कोणी दाखवून द्यावे.

१९५२ ची गोष्ट तर याहून बोलकी. संस्थान विलीन झालेले, राजाश्रय संपलेला, नवे सरकार नवे. निवड चाचणीत निरंजन दास यांच्याविरुद्ध एका गुणाचा वाद झाला आणि खाशाबांना डावलले. त्यांनी पतियाळाच्या महाराजांकडे दाद मागितली, पुन्हा कुस्ती लागली आणि त्यांनी निरंजन दास यांना चीत केले. लक्षात घ्या, दाद मागितली! अन्याय झाल्यावर वर तक्रार केली, फेरचौकशी मागितली आणि ती जिंकली. आपल्या कामगाराने हेच केले की पाहुण्यांच्या भाषेत तो ‘युनियनच्या नादी लागलेला’ ठरतो.

निवड झाली, पण हेलसिंकीला जायला पैसे नव्हते. तेव्हा खाशाबांनी काय केले? हात पसरला. होय, पाहुण्यांनी नीट ऐकावे, खाशाबांनी हात पसरला. गावात फिरले, ओळखीच्यांकडे गेले, शेतकरी-दुकानदारांनी जमेल तशी वर्गणी दिली. सरकारकडे मागणी केली, तिथून चार हजार रुपये मिळाले. आणि राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डीकर यांनी स्वतःचे राहते घर गहाण टाकून सात हजार रुपये उभे केले. १९५२ सालचे सात हजार. मास्तर माणूस, आयुष्याची कमाई ते घर, आणि ते त्याने एका विद्यार्थ्याच्या कुस्तीवर लावले.

आता याला ‘स्वतंत्र’ म्हणायचे? ज्याच्या पाठीवर अख्खा गाव, एक कॉलेज आणि एक गहाणखत बसले आहे तो पैलवान स्वतंत्र कसा? तो बांधलेला होता, आणि बांधलेला होता म्हणूनच उभा राहिला. वर्गणी ही भीक आहे असे ज्यांना वाटते त्यांनी कधी पगाराच्या दिवशी कारखान्याच्या फाटकावर डबा घेऊन उभे राहून पाहिले नसेल. १९७४ च्या मे महिन्यात रेल्वेचा वीस दिवसांचा संप झाला, हजारो घरांतली चूल बंद पडली, तेव्हा ती पुन्हा पेटली ती याच वर्गणीवर. खाशाबा ज्या पैशावर हेलसिंकीला गेले आणि आपली युनियन ज्या पैशावर उभी आहे, तो पैसा एकाच जातीचा आहे.

हेलसिंकीत काय झाले ते थोडक्यात सांगतो. सत्तावन्न किलोच्या गटात कॅनडाचा, मेक्सिकोचा मल्ल त्यांनी लोळवला. जपानच्या शोहाची इशीबरोबरची लढत लांबली, पंधरा मिनिटांच्या वर गेली, तीत ते हरले. आणि घाम पुसायच्या आत त्यांना सोव्हिएत मल्लाबरोबर उभे केले. दोन कुस्त्यांमध्ये अर्ध्या तासाची विश्रांती हा नियम होता. पण तो नियम आहे असे ठणकावून सांगायला भारताचा एकही अधिकारी तिथे हजर नव्हता. थकलेला माणूस हरला. तरी २३ जुलै १९५२ रोजी कांस्यपदक गळ्यात पडले, स्वतंत्र भारताचे पहिले वैयक्तिक पदक. दुसरे यायला १९९६ साल उजाडले.

हा अर्धा तास मला झोपू देत नाही. दोन पाळ्यांमधली विश्रांती, हाच तर आपला रोजचा झगडा आहे. गाडी चालवून आलेल्या ड्रायव्हरला पुरती विश्रांती न देता पुन्हा गाडीवर पाठवू नका, हे आपण किती वर्षे ओरडतो आहोत? नियम पुस्तकात असतो. पण तो बजावायला बाजूला कोणी उभा नसेल तर पुस्तक कपाटात आणि माणूस गादीवर. एकट्या माणसाला नियम माहीत असून उपयोग नाही, दमलेला माणूस वाद घालू शकत नाही. त्या दिवशी हेलसिंकीत खाशाबांजवळ एक साधा युनियन प्रतिनिधी असता तर पदकाचा रंग कदाचित वेगळा असता.

परतल्यावर कराड स्टेशनात जे स्वागत झाले ते आम्हा रेल्वेवाल्यांना विशेष वाटावे. पुणे-मिरज लाईन तेव्हा मीटरगेज होती. गाडीतून हा गडी उतरला तेव्हा बाहेर शेकड्याने बैलगाड्या उभ्या. एरवी पंधरा मिनिटांची गोळेश्वरची वाट, मिरवणुकीला सात तास लागले. आणि मिरवणूक संपल्यावर या ऑलिंपिकवीराने पहिले काम काय केले? कुस्त्यांचे फड लावले, इनामाच्या कुस्त्या मारल्या, आणि ते पैसे नेऊन खर्डीकरांना दिले, घर सोडवले. देशाला पदक मिळाले, देशाने फुले उधळली, कर्ज मात्र पैलवानाने स्वतःच्या खांद्यावर फेडले. पुढे १९५५ साली ते पोलिसात फौजदार म्हणून लागले. सत्तावीस वर्षे नोकरी केली, सहायक आयुक्त म्हणून निवृत्त झाले, आणि निवृत्तीवेतनासाठी त्यांना झगडावे लागले. १४ ऑगस्ट १९८४ रोजी रस्त्यावरच्या अपघातात गेले. अर्जुन पुरस्कार त्यांना मिळाला तो मरणोत्तर.

हे झाले खाशाबांचे. आता पाहुण्यांच्या दुसऱ्या दाखल्याकडे येतो, अमेरिकेतल्या ‘स्वतंत्र’ पैलवानांकडे. त्यासाठी एकाच माणसाचे नाव घेतो: ओवेन हार्ट. पोराच्या मोबाइलमध्ये त्याच्या कुस्त्या आहेत, त्यानेच मला दाखवल्या.

ओवेन कॅनडातल्या कॅल्गरी शहराचा, १९६५ चा जन्म. त्याचाही बाप पैलवान, आणि हाही धाकटा, बारा भावंडांत शेवटचा. घराच्या तळघरात बापाने तालीम केलेली. १९८६ च्या सुमारास बापाच्याच मंडळीत तो रिंगणात उतरला. हलका, चपळ, दोरावरून झेप घेणारा. १९८८ साली जपानात जाऊन त्याने हलक्या वजनाचा किताब जिंकला, जो तोवर कोणा पाश्चात्त्य मल्लाने जिंकला नव्हता. त्याच साली अमेरिकेतल्या सर्वांत मोठ्या कंपनीने त्याला घेतले, आणि तोंडावर मुखवटा चढवून पाखरासारखा उडणारा वीर बनवले. जपानात किताब जिंकणाऱ्याचे नावसुद्धा मुखवट्याखाली गेले. वर्षभरात तो तिथून बाहेर पडला. हा धंदा सोडून अग्निशामक दलात लागावे असे त्याच्या मनात होते. म्हणजे ज्याच्या उड्या पाहून आमची पोरे पक्की नोकरी नको म्हणतात, तो स्वतः पक्की नोकरी शोधत होता!

ती काही मिळाली नाही. तो कंपनीत परतला. २३ मे १९९९ रोजी अमेरिकेतल्या कॅन्सस सिटीत त्याला पुन्हा तोच मुखवटा देऊन छतावरून दोरीने रिंगणात उतरवायचे ठरले. दोरीचा आकडा सुटला आणि माणूस सुमारे ७८ फुटांवरून खाली आला. चौतीस वर्षांचा होता. त्याला दवाखान्यात नेले, आणि खेळ पुढे चालू राहिला. तिकिटे विकली गेली होती ना! त्याच्या विधवेने दावा लावला, २००० साली एक कोटी ऐंशी लाख डॉलरवर तडजोड झाली. पैसा मोठा आहे, मी नाही म्हणत नाही. पण तो कोर्टात जाऊन, माणूस गेल्यावर.

आणि तिथले ‘स्वतंत्र’ म्हणजे काय ते ऐका. त्या कंपनीच्या करारात पैलवान हा कामगार नाही, ‘स्वतंत्र कंत्राटदार’ आहे. कोणत्या गावी, कोणत्या रात्री, कोणाबरोबर, कोणाकडून हरायचे, हे सगळे कंपनी ठरवते. कपडे कोणते आणि नाव कोणते, हेही तीच ठरवते. पण आरोग्याच्या विम्याचे बघायची वेळ आली की पैलवान स्वतंत्र! २०२० साली कंपनीने पैलवानांना बजावले की इंटरनेटवर बाहेरच्या कंपन्यांमार्फत स्वतःची वेगळी कमाई करायची नाही. असला स्वतंत्र माणूस मी तर पाहिला नाही. बिगारी तरी सुटीच्या दिवशी दुसरीकडे फावडे मारायला मोकळा असतो.

१९८६ साली जेसी व्हेंचुरा नावाच्या पैलवानाने कपडे बदलण्याच्या खोलीत सगळ्यांना गोळा करून युनियन काढू या असे सांगितले. मोठा खेळ तोंडावर आहे, आत्ताच मागणी केली तर मालकाला वाकावे लागेल, असा त्याचा हिशेब होता आणि तो बरोबर होता. पण मालकाला बातमी आधीच पोचली आणि दमदाटीचा फोन आला. कुणी फोडले हे त्याला पुढे कोर्टातल्या जबान्यांतून कळले: त्या काळचा सर्वांत मोठा, सर्वांत जास्त कमावणारा पैलवान हल्क होगन. व्हेंचुरा पुढे मिनेसोटा राज्याचा राज्यपाल झाला, पण पैलवानांची युनियन झाली नाही. २००८ साली तिघा पैलवानांनी आम्ही कंत्राटदार नाही, कामगार आहोत असा दावा लावला. तोही फेटाळला गेला. आपल्याकडे असा होगन प्रत्येक शेडमध्ये एखादा असतोच. नाव सांगत नाही, वाचणाऱ्याला आपापला आठवेल.

हे परदेशातले दुखणे परदेशात राहिले असते तर मी सोडून दिले असते. पण २१ नोव्हेंबर २०२५ पासून आपल्याकडे चार श्रमसंहिता लागू झाल्या. त्यातल्या सामाजिक सुरक्षेच्या संहितेत ‘गिग कामगार’ नावाचा नवा प्राणी आला आहे. त्याची व्याख्याच अशी की नेहमीच्या मालक-कामगार नात्याच्या बाहेर काम करणारा. बाहेर! कायद्यानेच उंबरठ्याबाहेर उभे केले आणि मग वरून कनवाळूपणाने सांगितले की मोबाइलवरून काम देणाऱ्या कंपन्यांनी उलाढालीच्या एक-दोन टक्के एका निधीत टाकावेत. जेवणाचे डबे पोचवणारा पोरगा ‘भागीदार’, दोरावरून उडी मारणारा पोरगा ‘कलाकार’, डबा धुणारा त्याचा बाप ‘एजन्सीचा माणूस’. कामगार कोणीच नाही. मग काम करतो कोण?

पाहुणे म्हणाले पक्की नोकरी माणसाला मऊ करते. मी त्यांना २०२३ ची आठवण देतो. साक्षी मलिक, विनेश फोगाट, बजरंग पुनिया दिल्लीत जंतरमंतरवर बसले, कुस्ती महासंघाच्या तेव्हाच्या अध्यक्षावर लैंगिक छळाचे आरोप घेऊन. २८ मे रोजी पोलिसांनी त्यांना रस्त्यावरून उचलले. तिघेही उत्तर रेल्वेचे कर्मचारी होते. ते कामावर परत रुजू झाले तेव्हा वर्तमानपत्रांनी आंदोलन फुटले म्हणून आवई उठवली. साक्षीने साफ सांगितले की लढाही चालू आहे आणि नोकरीची जबाबदारीही पार पाडते आहे. ज्याच्या घरी महिन्याच्या महिन्याला पगार येतो तोच महासंघाच्या अध्यक्षासमोर मान वर करू शकतो. रात्रीच्या पैशावर जगणारा पैलवान असे बोलला तर दुसऱ्या दिवशी त्याचा फोन वाजायचा थांबतो, एवढेच. तक्रार नाही, आंदोलन नाही, बातमीसुद्धा नाही.

आपल्या रेल्वेचे गोडवे गायला मी बसलेलो नाही. कोल्हापूर भागातला नेमबाज स्वप्नील कुसाळे २०१५ पासून मध्य रेल्वेत तिकीट तपासनीस होता. बढती आली ती १ ऑगस्ट २०२४ ला पॅरिसचे कांस्यपदक आल्यावर, लगोलग. तोवर साहेब लोकांना तो दिसला नव्हता काय? आणि आपल्या युनियनलाही विचारतो, आपण खेळाडूंच्या भरतीकडे किती वेळा पाहिले? फेडरेशनच्या ठरावात खेळाडू शेवटच्या पानावर येतो, चहाच्या आधी.

बूढापाऱ्याची एक गंमत सांगतो. इथे इनडोअर स्टेडियम आहे, तिथे तिकीट लावून खेळ होऊ शकतात. त्याच भागात बूढा तालाबाच्या काठी आपले धरणास्थळ होते. शिक्षक, अंगणवाडीच्या ताया, कंत्राटी कामगार, सगळे तिथेच बसत. आम्हीही कितीदा सतरंज्या टाकल्या आहेत. २०२२ साली ते धरणास्थळ उचलून नवा रायपूरकडच्या तूता गावात नेले, शहराच्या नजरेआड. उड्या मारणाऱ्याला शहराच्या मध्यात जागा आहे. पडल्यावर ओरडायला मात्र गावाबाहेर जायचे.

पोराला मी दुसऱ्या दिवशी कार्यालयात बोलावले. फोनवर चालकाचे निरोप आहेत: अमुक तारखेला अमुक गावी पोच, निळी चड्डी घाल, तिसऱ्या नंबरला उतरायचे, उडी वरच्याच दोरावरून. रात्रीच्या पैशांच्या नोंदी आहेत, प्रवासाची तिकिटे आहेत. आमच्या वकिलांनी ते सगळे पाहिले आणि म्हणाले, हुकूम देणारा आणि हुकूम पाळणारा यांचे नाते कागदावर नसले तरी या निरोपांत आहे, अर्ज करू या. त्याच्याबरोबर उड्या मारणारी आणखी सहा पोरे आहेत, त्यांनाही रविवारी बोलावले आहे.

नुकसानभरपाईच्या अर्जात पहिल्याच पानावर रकाना आहे, ‘मालकाचे नाव’. पोरगा उजव्या हातात पेन घेऊन बराच वेळ त्या रकान्याकडे बघत बसला. मग मला विचारले, ‘‘काका, इथे काय लिहू?’’ मी म्हटले, ज्याचा फोन आल्यावर तू निघतोस त्याचे लिही. त्याने लिहिले.